रात्रभराची देग

मुंबईने काय काय आपल्या घराबाहेर काढलं याची यादी केली, की गोवंडीचा इतिहास बराचसा लिहून होतो. 1896 च्या प्लेगनंतर शहराने कचऱ्याची धास्ती घेतली आणि कचरा पूर्वेच्या खाडीकाठच्या पाणथळीकडे जाऊ लागला. देवनारचं डम्पिंग ग्राउंड अधिकृत नोंदीत 1927 चं आहे. 1971 मध्ये वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला आला. सत्तरच्या दशकात शहरातल्या झोपड्या उठवून माणसं शिवाजीनगर-बैंगनवाडीला आणून टाकली. आणीबाणीत, मे 1976 मध्ये, अणुसंशोधन केंद्रालगतची जनता कॉलनी मोडून तिथल्या हजारो कुटुंबांना चिता कॅम्पात हलवलं. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात, गोवंडी ज्यात येते त्या एम-पूर्व विभागाचा निर्देशांक 0.05 निघाला, शहरातल्या सगळ्या वॉर्डांत सर्वांत खालचा.

एवढं वाचकांना ठाऊक असतं. मला अनेक वर्षं छळणारा प्रश्न वेगळा आहे. ज्या भागाच्या वाट्याला शहराने फक्त नकोसं ते दिलं, तिथे सकाळी इतकं जीव निववणारं खायला कसं काय मिळतं?

टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ग्रंथालयात जुने अहवाल वाचायला मी गोवंडीत जाऊ लागले. स्टेशनवर उतरून देवनारच्या रस्त्याला लागायचं आणि दिवसभर कागदांत बसायचं, असा क्रम होता. एकदा पावसाळ्यात, ग्रंथालय उघडायला अवकाश होता म्हणून, शिवाजीनगरच्या बाजूला एका हॉटेलात शिरले. पाटी धुराने काळवंडलेली, चार-पाच सनमायकाची टेबलं, दाराशीच भट्टीवर चढवलेली देग आणि शेजारी तंदूर. मेनूकार्ड नाही. सकाळी इथे पाया आणि निहारी मिळते आणि देग रिकामी झाली की मिळत नाही. छोटे का की बडे का (म्हणजे बकऱ्याचं की मोठ्या जनावराचं), हाफ की फुल, एवढेच प्रश्न. समोर आलेल्या वाटीत पिवळसर, दाट रस्सा होता, वर तेलाची झाक, आल्याच्या काड्या, कोथिंबीर, लिंबाची फोड. पायाच्या हाडांवरचं सगळं इतकं शिजलेलं की रोटीचा तुकडा लावताच सुटून येत होतं. दोन घासांत ओठ ओठांना चिकटू लागले. बाहेर पाऊस कोसळत होता आणि पोटातून वर एक ऊब चढत गेली. त्या दिवशी ग्रंथालयात मी काय वाचलं ते आठवत नाही. ती वाटी आठवते.

मग मी त्या वाटीचाच माग काढायला लागले.

आधी भटारखान्यातलं. पाये विस्तवावर धरून केस जाळतात, सुरीने खरवडतात, खुरं उपटतात, मग पुन्हा पुन्हा धुतात. हे काम नेटकं झालं नाही तर पुढे कितीही मसाला घाला, वास जात नाही. रात्री देग चढते. कांदा, आलं-लसूण, हळद, धणे आणि खड्या मसाल्यांची पुरचुंडी. निहारीसाठी पायांऐवजी नळीचं मांस. मसाल्यात बडीशेप, सुंठ, पिंपळी, जायपत्री. शेवटी भाजलेल्या कणकेचं पाणी लावून रस्सा दाट करायचा. वर आलेली तर्री काढून ठेवतात आणि वाढताना पुन्हा वरून सोडतात. झाकणाच्या कडेला कणीक थापली, की आच अगदी मंद करायची. जनावराच्या पायात मांस फारसं नसतं. असतात ते स्नायुबंध, कातडी आणि कूर्चा. त्यातलं कोलॅजेन हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि याला तासन् तास लागतात. उकळी फुटली तर रस्सा गढूळ होतो. म्हणून भटाऱ्याला रात्रभर देगेच्या जवळपास राहावं लागतं. ढवळण्यापेक्षा आच सांभाळण्यातच त्याची कसोटी.

हा पदार्थ हॉटेलातच का, याचं उत्तर इथेच मिळतं. दहा बाय पंधराच्या खोलीत, जिथे पाच-सहा माणसं झोपतात, तिथे कोण रात्रभर चूल पेटती ठेवणार? सहा-आठ तासांचा गॅस एका कुटुंबाच्या वाटीसाठी जाळणं परवडत नाही. शंभर वाट्यांसाठी परवडतं. म्हणून सकाळी या हॉटेलांपुढे मुलं स्टीलचे डबे आणि किटल्या घेऊन उभी असतात. टेबलांवर बहुतेक पुरुष बसलेले दिसतात, पण घरोघरच्या बायका याच देगेतलं खातात, आणि सकाळच्या कामाच्या रेट्यात त्यांचा एक स्वयंपाक वाचतो. जरीच्या कारखान्यातले कारागीर, टेम्पोवाले, कचऱ्यातून भंगार वेचणारे, रात्रपाळी संपवून आलेले कत्तलखान्याचे कामगार, सगळ्यांची पहाट या भट्टीपाशी उजाडते.

निहारी दिल्लीची की लखनौची, या वादात मला रस नाही. मुंबईत ती भेंडी बाजार-नागपाड्याच्या पट्ट्यात रुजली. तिथलं नूर मोहम्मदी हॉटेल 1923 पासूनचं. माणसं तिथून आणि उत्तरेतून गोवंडीकडे सरकत गेली, पदार्थ त्यांच्याबरोबर आला. टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रवासही नागपाड्यातच 1936 मध्ये सुरू झाला आणि 1954 मध्ये देवनारला पोचला. मराठवाड्यातून दुष्काळात आलेल्या माणसांना तर अशी न्याहारी मुळीच परकी नव्हती. औरंगाबादचा नान-खलिया आणि तिथली सकाळची नहारी त्यांच्या ओळखीची, आणि गावाकडे खूर-मुंडीचा रस्सा अशक्त माणसाला, बाळंतिणीला देत आलेच आहेत.

तरी पदार्थ आला आणि रुजला, एवढ्याने गोवंडीचा उलगडा होत नाही. खरं कारण रस्त्यापलीकडे आहे. देवनारचा 64 एकरांचा कत्तलखाना. चांगलं मांस पहाटेच्या आत शहरातल्या दुकानांकडे निघून जातं. मागे उरतं ते खुरी, डोकं, भेजा, जीभ, वजडी, तिल्ली. हे फार दूर नेता येत नाही, लगेच शिजवावं लागतं, आणि म्हणून ते जवळच्या माणसांना स्वस्तात मिळतं. जगात इतरत्रही हेच घडलं आहे. रोमच्या टेस्टाचो भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठा कत्तलखाना उभा राहिला. तिथल्या कामगारांना मजुरीचा काही भाग शेपूट, आतडी, वजडी अशा मालाच्या रूपात मिळे. त्यातून फाटकासमोरच्या खानावळींत शेपटीचा मंद आचेवरचा रस्सा जन्मला आणि आज रोमची ओळख म्हणून तो सांगितला जातो. इराणात डोकं आणि पायांचा कल्ले-पाचे उजाडायच्या आत खायला माणसं जमतात. कत्तलखान्याभोवतीच्या कष्टकरी वस्तीची न्याहारी पहाटेची, दाट आणि गरम असते. गोवंडी याच नकाशावर आहे.

एवढं लिहून हा लेख संपला असता. पण देवनारचे कागद चाळताना मला तिथल्या कत्तलखान्याच्या फाटकाशी एक दुसरी पहाट भेटली.

11 जानेवारी 1982 रोजी, विनोबा भावे यांच्या सांगण्यावरून, देवनारच्या फाटकावर सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व अच्युतभाई देशपांडे या सर्वोदय कार्यकर्त्याकडे होतं. मागणी स्पष्ट होती: गाय तर नाहीच, कोणत्याही वयाचा बैलही कापला जाऊ नये. महाराष्ट्राच्या 1976 च्या प्राणी संरक्षण कायद्याने गोहत्येला बंदी घातली होती, पण निरुपयोगी ठरलेला बैल दाखला घेऊन कापता येई. सत्याग्रहींच्या तुकड्या फाटकाशी जमत, बैल घेऊन येणाऱ्या गाड्यांपुढे बसत, पोलीस त्यांना उचलत, नंतर सोडत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच वर्षी 15 नोव्हेंबरला पवनारला विनोबा गेले. सत्याग्रह थांबला नाही. तो वर्षं, मग दशकं चालला. देशात इतका दीर्घ चाललेला दुसरा सत्याग्रह मला सापडत नाही आणि तरीही गोवंडीबाहेर तो फार थोड्यांच्या लक्षात आहे.

अच्युतभाईंच्या चिकाटीपुढे मी नमते. कुणी फोटो काढायला येत नाही अशा ठिकाणी रोज जाऊन बसणं सोपं नसतं. बैल हा शेतीचा कणा आहे, तो म्हातारा झाला म्हणून विकून टाकणं कृतघ्नपणाचं आहे, हा त्यांचा विचार आतून आलेला होता. मात्र त्या आंदोलनाबद्दल जे जे वाचायला मिळालं त्यात फाटकासमोरच्या देगेचा उल्लेख मला भेटला नाही. सत्याग्रही आणि भटारी एकाच रस्त्यावर होते. एकाच्या करुणेच्या कक्षेत जनावर होतं, दुसऱ्याच्या हातावर रात्रपाळी करून आलेल्या माणसाचं पोट. या दोघांचा कधी संवाद झाला असता तर काय झालं असतं, हा विचार मला सोडत नाही.

असा संवाद एका ठिकाणी मात्र झालेला आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या 1958 च्या निकालपत्रात. मोहम्मद हनीफ कुरेशी विरुद्ध बिहार राज्य. बिहार, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रांतातल्या गोवंशबंदीच्या कायद्यांना खाटकांनी आव्हान दिलं होतं. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी पाच न्यायमूर्तींच्या वतीने निकाल लिहिला. गाय आणि वासरांच्या कत्तलीवरची बंदी त्यांनी उचलून धरली. निकामी झालेले बैल आणि म्हशी यांच्यावर सरसकट बंदी मात्र घटनाबाह्य ठरवली. या निकालात चारा किती, जनावरं किती, शेणाचं मोल काय याची लांबलचक चर्चा आहे. त्या सगळ्या आकड्यांमध्ये एक जागा अशी येते जिथे न्यायमूर्ती गरीब माणसाच्या ताटाकडे बघतात. दूध, तूप, फळं त्याला परवडत नाहीत, आणि कधीमधी हाती लागणारा मांसाचा एखादा तुकडाही काढून घेतला तर त्याचं पोषण आणखी खालावेल, अशा आशयाचं त्यांनी लिहिलं आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा निकालपत्र बाजूला ठेवून थोडा वेळ बसून राहिले. देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने गोवंडीतल्या वाटीचा विचार गोवंडीत कत्तलखाना यायच्या तेरा वर्षं आधी केला होता.

पुढचं लवकर सांगते. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने, सहा विरुद्ध एक अशा मताने, गुजरातमधली संपूर्ण गोवंशबंदी वैध ठरवली. म्हातारा बैलही शेण-गोमूत्र देतो म्हणून तो निरुपयोगी नसतो, असा त्यामागचा तर्क. महाराष्ट्राने 1995 मध्ये केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती 2015 मध्ये मिळाली आणि मार्चपासून बैलांची कत्तल बंद झाली. फाटकावरच्या सत्याग्रहाची मागणी अशी कायद्यात उतरली. 6 मे 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेरून आणलेलं असं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. माणूस आपल्या घरात काय खातो हा त्याच्या खाजगीपणाचा भाग आहे, असं न्यायालयाने मानलं. त्याच सुमारास मराठवाडा भीषण दुष्काळात होता आणि म्हाताऱ्या बैलांचं काय करायचं हा प्रश्न शेतकऱ्यांच्या दावणीला बांधलेला होता. गोवंडीच्या देगेत बडे का म्हणजे आता म्हशी-रेड्याचं. देग चढायची ती चढतेच. तिच्यामागचा धंदा आणि भीती मात्र बदलली.

मला खंत वाटते ती आपल्या छापील परंपरेची. मराठी पाकपुस्तकांची परंपरा थोर आहे: लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ 1910 चं, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 ची. ती घराच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेली होती आणि तिथे ती आपापल्या जागी योग्य होती. 2009 मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने शर्मिला रेगे यांच्या पुढाकाराने दलितांच्या अन्नस्मृतींचा अभ्यास केला आणि 2015 मध्ये शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आलं. मांग-महारांच्या चुलीवर काय शिजत होतं ते मराठीत एवढ्या तपशिलाने तेव्हा नोंदलं गेलं. बाजारातल्या भटारखान्याची, रात्र जागणाऱ्या भटाऱ्याची नोंद अजून बाकीच आहे. त्याची विद्या हातात आहे, कागदावर नाही. देवनारच्या आधुनिकीकरणाची चर्चा चालूच असते, वस्त्यांच्या पुनर्विकासाचीही. भट्टी, तंदूर आणि फुटपाथवरची देग बहुमजली इमारतीच्या नकाशात बसत नाही. रोमने टेस्टाचोचा कत्तलखाना 1975 मध्ये बंद केला, पण फाटकासमोरच्या खानावळींचा रस्सा तोवर शहराने आपला मानला होता. मुंबईने गोवंडीची वाटी अजून आपली मानलेली नाही. संस्था, ग्रंथालय, संशोधक सगळे त्याच रस्त्यावर आहेत. पाये जाळणाऱ्यापासून देगेपाशी जागणाऱ्यापर्यंत सगळ्यांकडून, त्यांच्या शब्दांत, हे लिहून घ्यायला आज कुणाचीच आडकाठी नाही.

1958 च्या निकालाने गरिबाच्या ताटातलं पोषण मोजलं आणि त्यासाठी मी त्या न्यायमूर्तींची ऋणी आहे. पण गोवंडीत सकाळी सहा वाजता माणसं रांग लावतात ती प्रथिनांचा हिशेब करून लावत नाहीत. रात्रभराच्या श्रमानंतर कुणीतरी आपल्यासाठी तेवढीच रात्र जागून काहीतरी गरम, चवदार, मनापासून केलेलं समोर ठेवावं, ही त्यांची मागणी असते. कायद्याच्या कुठल्याच बाजूने ही मागणी अजून विचारात घेतलेली नाही. ती हक्काचीच आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि या शहराने देवनारबद्दल पुढचा कोणताही निर्णय घेताना तिच्यापासून सुरुवात करावी.