कोपऱ्यातल्या स्कॅनरसाठी उघडा राहिलेला दरवाजा

जून २०१७ च्या अखेरीस न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम कोलमडलं. ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ हे टर्मिनल मर्स्क समूहातली एपीएम टर्मिनल्स चालवते, आणि मर्स्कचे संगणक ‘नॉटपेट्या’ने जगभर ठप्प केले होते. युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेलं हे घातक सॉफ्टवेअर एका संगणकावरून दुसऱ्यावर अनेक वाटांनी पोचत होतं. त्यातली एक वाट म्हणजे एसएमबी १. मर्स्कला सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. त्याआधी, १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ही याच वाटेनं पसरलं होतं आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांना हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या.

ऑफिसातलं सामायिक फोल्डर उघडतं, एका संगणकाला जोडलेला प्रिंटर शेजारच्यालाही वापरता येतो, यामागे एसएमबी हा प्रोटोकॉल असतो. आयबीएममध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बॅरी फायगेनबॉम यांनी तो घडवला. तेव्हा नेटवर्कवरचं प्रत्येक यंत्र आपलंच, हे गृहीत होतं. विंडोज व्हिस्टाबरोबर दुसरी आवृत्ती आली, २०१२ मध्ये तिसरी आली आणि तिच्यासोबत एन्क्रिप्शनही. वॉनाक्रायने वापरलेली फट बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिला होता. पण पॅच त्या फटीपुरता असतो. एन्क्रिप्शनच नसलेली मूळ रचना तशीच राहते. म्हणून पहिली आवृत्ती काढून टाकणं हाच खरा उपाय.

मग ती टिकते कशामुळे? बहुतेकदा कोपऱ्यातल्या जुन्या मल्टिफंक्शन मशीनमुळे. बटण दाबलं की कागदाची पीडीएफ थेट सर्व्हरवरच्या फोल्डरात पडते, ती सोय अशा कित्येक मशीनना एसएमबी १ नेच साधता येते. एसएमबी १ काढल्यास छपाई बंद पडेल ही भीती मात्र बऱ्याचदा निराधार असते. नेटवर्कला थेट जोडलेला प्रिंटर सहसा आयपीपी या छपाईच्या प्रोटोकॉलवर किंवा ९१०० या पोर्टवर काम घेतो. त्याचा या बदलाशी संबंधच येत नाही. अडतं ते स्कॅनिंग, जुनी नॅस (नेटवर्कवर फायली साठवणारी) पेटी, आणि विंडोज एक्सपीवर चालणारा एखादा संगणक, कारण एक्सपीला दुसरी आवृत्ती येतच नाही.

तेव्हा काढण्याआधी शोधायला हवं. विंडोज सर्व्हरवर एसएमबी १ चं ऑडिट सुरू केलं, की जुन्या पद्धतीनं दार ठोठावणाऱ्या प्रत्येक यंत्राचा पत्ता लॉगमध्ये ३००० क्रमांकाच्या नोंदीत येतो. हे ऑडिट निदान महिनाभर चालू ठेवावं. पगारपत्रकाचं किंवा जीएसटीचं काम करणारा संगणक एरवी गप्प असतो आणि महिनाअखेरीलाच जागा होतो. आठवड्याच्या पाहणीत तो निसटतो.

यादी हाती आली की एकेक मशीनचं फर्मवेअर तपासायचं. कित्येकदा अपडेटने किंवा सेटिंगमधल्या एका पर्यायाने दुसरी-तिसरी आवृत्ती सुरू होते. तसं नसेल तर स्कॅन सुरक्षित ईमेलवर पाठवायचा. एफटीपीचा सल्लाही सर्रास दिला जातो, पण साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच प्रवास करतो, त्यामुळे एक दुखणं जाऊन दुसरं येतं.

प्रोटोकॉल काढल्यावर पहिली तक्रार ठरलेली असते: ‘नेटवर्क’च्या खिडकीत काहीच दिसत नाही. ती यादी बनवणारी जुनी सेवाही एसएमबी १ वरच उभी होती. फायली जागेवरच असतात. सर्व्हरचं नाव थेट टाइप केलं किंवा ड्राइव्ह मॅप करून दिला की काम सुरू होतं. कर्मचाऱ्यांना हे आदल्या दिवशीच सांगून ठेवलं तर निम्मे फोन वाचतात.

खरा धोका पुढे असतो. विंडोज १० च्या २०१७ च्या शरद ऋतूतल्या आवृत्तीपासून एसएमबी १ मुळात बसवलेलंच नसतं. लिनक्सवरच्या सांबानेही २०१९ मध्ये ते बंद ठेवायला सुरुवात केली. नवा संगणक येतो, जुनी नॅस उघडत नाही, आणि घाईत कुणीतरी विंडोजच्या फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १ समोर पुन्हा खूण करतं. ज्या यंत्राला खरोखरच पर्याय नाही, उदाहरणार्थ एक्सपीवर चालणारं कारखान्यातलं महागडं यंत्र, ते वेगळ्या नेटवर्कवर ठेवावं आणि त्याच्या फायलींसाठी एकच मध्यस्थ संगणक नेमावा. ऑफिसातल्या बाकी संगणकांवर ती खूण करण्याची गरज मग उरत नाही.