सर्जनला संशोधनासाठी वेळ कोण देणार?

महाराष्ट्रात एमएस करणाऱ्या प्रत्येक तरुण सर्जनला प्रबंध लिहावा लागतो आणि त्यांतले अनेक प्रबंध नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठात पोचतात. 1998 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाकडे अशा प्रबंधांचा केवढा साठा असेल! पण पदवी हाती पडली की बहुतेकांचे संशोधन तिथेच थांबते. दोष बुद्धीचा नाही, वेळेचा आहे. अमेरिकेत तरुण संशोधकांना मिळणारी ‘के’ ही सरकारी अनुदाने नेमका वेळच विकत घेतात: अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखाली काही वर्षे पगार आणि संशोधनासाठी राखीव वेळ. सर्वसाधारण अट पाऊण वेळेची, मात्र शस्त्रक्रियेचा हात चालू राहावा म्हणून सर्जनला निम्म्या वेळेचीही मुभा असते. आपल्याकडे 2008 मध्ये सुरू झालेली, आरोग्य संशोधनाला निधी देणारी इंडिया अलायन्स ही संस्था डॉक्टरांनाही फेलोशिप देते, पण एवढ्या मोठ्या देशाला ती कशी पुरणार?

रुग्णांची रांग लागलेली असताना सर्जनला प्रयोगात का गुंतवायचे, हा आक्षेप रास्त आहे. पण टाटा मेमोरियलचे सर्जन राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांची 2023 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी पाहा. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिग्नोकेन या साध्या, स्वस्त भूल-औषधाचे इंजेक्शन दिले, तेव्हा पाच वर्षांनी 90.1 टक्के महिला हयात होत्या. न दिलेल्या गटात 86.4 टक्के. इतक्या स्वस्त औषधावर कोणती कंपनी पैसा लावील? संशोधनाचे असे विषय शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभ्या असलेल्यालाच सुचतात. आरोग्य विद्यापीठाने दरवर्षी निदान काही तरुण सर्जनांना पगारासह असा राखीव वेळ आणि मार्गदर्शक द्यावा.