नाव कोरण्याचा हक्क

इटलीत कसिनो गावाजवळच्या युद्धस्मारकावर चार हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. इटलीच्या मोहिमेत मरण पावलेल्या आणि ज्यांची कबर किंवा चितेची जागा सांगता येत नाही, अशा राष्ट्रकुलातल्या सैनिकांची ही नावे. त्यांतले एक नाव नाईक यशवंत घाडगे यांचे आहे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातला हा जवान पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली आणि त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी ती बंद पाडली, एका शत्रुसैनिकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला उसंत नव्हती म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. मग दुसरीकडे दबा धरून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात पुतळा उभा राहिला, २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघडीचे स्मारक उभारले. पण व्हिक्टोरिया क्रॉस नसता, पुतळा नसता, तरीही कसिनोच्या दगडावर त्यांचे नाव असतेच. मेलेल्या प्रत्येकाचे नाव, पराक्रम गाजवलेला असो वा नसो, हा ज्या संस्थेचा नियम आहे तिचे नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन. हा नियम ही आधुनिक काळातल्या सैनिक-स्मरणाची सर्वांत मोठी कमाई आहे, आणि तो भारतीय शिपायांच्या बाबतीत जिथे मोडला गेला तिथे झालेले नुकसान आजही भरून काढता येण्याजोगे आहे, असे माझे म्हणणे आहे.

या संस्थेचा उगम कुठल्या सरकारी ठरावात नाही. फेबियन वेअर हा माणूस १९१४ मध्ये रेड क्रॉसच्या एका फिरत्या पथकाचा प्रमुख म्हणून फ्रान्समध्ये गेला. काम होते जखमींना उचलण्याचे. पण घाईघाईने पुरलेल्या सैनिकांच्या जागेवर कुणी खूणही ठेवत नाही हे त्याला दिसले आणि त्याच्या पथकाने कबरींची नोंद करायला सुरुवात केली. पाठोपाठ घरच्यांची पत्रे येऊ लागली: आमचा मुलगा कुठे आहे, एवढेच कळवा. त्या काळापर्यंत युरोपातल्या लढायांनंतर साध्या सैनिकांना एका खड्ड्यात लोटण्याची रीत होती. स्मारके व्हायची ती सेनापतींची. वेअरच्या चिवट पाठपुराव्यामुळे २१ मे १९१७ रोजी, युद्ध चालू असतानाच, शाही सनदेने इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन स्थापन झाले. १९६० मध्ये ‘इंपीरियल’ जाऊन ‘कॉमनवेल्थ’ आले. आज हे कमिशन दीडशेहून अधिक देश-प्रदेशांत सुमारे २३ हजार ठिकाणी १७ लाख मृतांची स्मृती सांभाळते. आपल्या खडकीतले युद्धस्मशान त्यांपैकीच एक: पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी विखुरलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या कबरी इथे एकत्र आणल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मेलेल्या आणि ज्यांच्या कबरींची निगा राखणे शक्य नाही, अशांची नावेही इथल्या स्मारकावर आहेत.

फ्रेडरिक केनियन यांच्या १९१८ च्या अहवालाने कमिशनची तत्त्वे पक्की केली. प्रत्येक मृताचे स्मरण नावाने होईल. दगड कायमचा असेल. सगळे दगड सारखे असतील. आणि हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद होणार नाही. कर्नल असो वा शिपाई, दगड सुमारे ८१ सेंटिमीटर उंच आणि ३८ सेंटिमीटर रुंद. श्रीमंत घराण्याला स्वतःच्या खर्चाने संगमरवरी देवदूत उभारायची मुभा नाही, आणि देह मायदेशी नेण्याचीही नाही, कारण ते फक्त पैसेवाल्यांना परवडले असते. याला विरोध कडवा झाला. तीन मुलगे गमावलेल्या लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांनी हजारो सह्यांचा अर्ज युवराजांकडे दिला. मागणी अशी की निदान क्रूसाच्या आकाराचा दगड तरी मिळावा. मे १९२० मध्ये ब्रिटिश संसदेत यावर मोठी चर्चा झाली. मला या अर्जामागचे दुःख खोटे वाटत नाही, आणि आईवडिलांच्या शोकावर सरकारने एकच साचा लादावा का हा प्रश्नही साधा नाही. तरीही कमिशन बरोबर होते. एकदा वेगळा दगड चालवून घेतला की पैशाचा आणि हुद्द्याचा क्रम स्मशानातही शिरतो, आणि ज्याच्या मागे कुणी नाही त्याचा दगड आधी लहान होतो, मग नाहीसा होतो. घरच्यांसाठी त्याच दगडाच्या पायथ्याशी ६६ अक्षरांची जागा ठेवली होती. धर्मासाठी माथ्यावर चिन्ह. फ्रान्समधल्या हिंदू सैनिकांच्या दगडांवर देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ कोरलेले आहे.

फ्रान्समध्ये हे तत्त्व भारतीयांनाही लागू झाले. नव्ह शापेल इथे हर्बर्ट बेकर यांनी आखलेले स्मारक ७ ऑक्टोबर १९२७ रोजी खुले झाले आणि त्यावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, दोन कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्ये याच गावासाठी पायदळासारख्या लढल्या आणि तिथे त्यांची मोठी हानी झाली. पण पहिल्या महायुद्धात भारतीय सैनिक सर्वाधिक मेले ते फ्रान्समध्ये नव्हे, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. कूतच्या वेढ्यात, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात, १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या. उपासमार, रोगराई, मग शरणागती आणि तुर्की कैदेतली पायपीट. त्या आघाडीवर बेपत्ता झालेल्यांसाठी बसऱ्याला १९२९ मध्ये स्मारक उभे राहिले. ४० हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक, आणि त्यांतले बहुसंख्य भारतीय. तिथे ब्रिटिश अधिकारी आणि ब्रिटिश शिपाई यांची नावे कोरली. भारतीयांपैकी सुभेदार-जमादारांची कोरली. त्याखालच्या भारतीय शिपायांसाठी पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या कोरली.

हे कसे झाले, याची चौकशी कमिशननेच नेमलेल्या समितीने केली आणि एप्रिल २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान पद्धतीने झाले, त्यांत भारतीय आणि आफ्रिकी प्रामुख्याने. आणि आणखी किमान १,१६,००० जणांचे, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांचे, नावानिशी स्मरण झालेच नाही. कारण म्हणून अहवालाने त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या मनातला वंशभेद स्पष्ट शब्दांत नोंदवला. कमिशनने माफी मागितली, ब्रिटिश संसदेत संरक्षणमंत्र्यांनीही मागितली. याद्या अपुऱ्या होत्या ही अडचण काही आघाड्यांवर खरी होती. पण जिथे नावे मिळण्याजोगी होती तिथेही या लोकांना कबरीचे किंवा नावाचे महत्त्व नाही, असे गृहीत धरले गेले. हिंदू तर मृतदेह जाळतात, त्यांना दगड कशाला?

हा आक्षेप आजही, चांगल्या हेतूनेही, घेतला जातो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. देह राखण्याची आपल्यात रीत नाही, हे बहुतांशी खरे. पण नावाचे काय? श्राद्धात पिंड देताना पित्याचे, आजोबाचे, पणजोबाचे नाव आणि गोत्र उच्चारावे लागते. देह विसर्जित झाल्यावर उरते ते नावच, म्हणून तिथे नावाची गरज अधिक आहे. दगडाचे म्हणाल तर महाराष्ट्रातल्या शेकडो गावांच्या शिवारात, देवळांच्या आवारात वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याला सूर्यचंद्र. लढून मेलेल्याचा दगड उभारण्याची ही परंपरा कमिशनपेक्षा कितीतरी शतकांनी जुनी आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर लेख नाही. उभारणाऱ्यांना नाव माहीत होते, लिहून ठेवण्याची निकड वाटली नसावी. काही पिढ्यांत नाव गेले. आज कित्येक वीरगळ शेंदूर लावलेले देव झाले आहेत, कित्येक धुणे धुण्याचे किंवा पायरीचे दगड. त्या माणसाविषयी बोलायला कुणी उरलेले नाही.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातलेच आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने कोरेगाव भीमाला स्तंभ उभारला तो स्वतःच्या विजयाची खूण म्हणून. पण त्यावर मृत शिपायांची नावे कोरली, आणि त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा महार नावांत असणारा प्रत्यय आहे. पुढे १८९० नंतर महारांची सैन्यभरती थांबवली गेली. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. अशा काळात, १ जानेवारी १९२७ रोजी, डॉ. आंबेडकर त्या स्तंभाशी गेले. तुम्ही लढवय्ये नाही असे ज्यांना सरकार सांगत होते, त्यांच्यापाशी सरकारनेच कोरलेला पुरावा होता. त्या स्तंभावर बसऱ्यासारखी नुसती संख्या असती तर हा पुरावा कुणाच्या कामी आला असता? उभारणाऱ्याचा हेतू काहीही असो, नाव एकदा दगडावर आले की ते वारसांचे होते, आणि वारस त्यातून स्वतःचा अर्थ काढतात. १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: हे सैनिक परक्या साम्राज्यासाठी लढले, त्यांचा गौरव म्हणजे साम्राज्याचा गौरव नव्हे काय? पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले आणि सुमारे ७४ हजार मेले. दुसऱ्यात सैन्यसंख्या पंचवीस लाखांपर्यंत गेली आणि सुमारे ८७ हजार मेले. त्यांतले बरेचसे पगारासाठी, जमिनीच्या आशेने, घरच्या रिवाजाने भरती झाले होते. युद्धाचे कारण त्यांनी ठरवले नव्हते आणि त्या कारणाला आज दाद देण्याची गरजही नाही. मेसोपोटेमियाची मोहीम साम्राज्याच्या लोभाची आणि अकार्यक्षमतेची कहाणी होती, असे म्हणूनही तिच्यात मेलेल्या शिपायाचे नाव लिहिता येते. किंबहुना तेव्हाच लिहिले पाहिजे. साम्राज्याने त्याला आकड्यात मोजले. आपणही त्याला ‘ब्रिटिशांचा शिपाई’ म्हणून वगळले तर साम्राज्याचाच हिशेब कायम ठेवला असे होईल. दुसऱ्या महायुद्धानंतर कमिशनने स्वतःची चूक बरीच सुधारली. म्यानमारमधल्या रंगून स्मारकावर सुमारे २७ हजार नावे आहेत, बहुसंख्य भारतीयांची. स्वतंत्र भारतानेही हाच मार्ग धरला: दिल्लीत २०१९ मध्ये खुल्या झालेल्या राष्ट्रीय समर स्मारकाच्या भिंतींवर २५ हजारांहून अधिक सैनिकांची नावे एकेका शिळेवर आहेत.

मेलेल्यांच्या दगडांपेक्षा जिवंत माजी सैनिकांकडे आणि वीरपत्नींकडे लक्ष द्या, असेही म्हटले जाते. द्यायलाच हवे, पेन्शनच्या फायली आणि दवाखान्यातले हेलपाटे यांची जागा कोणतेही स्मारक घेऊ शकत नाही. पण हे दोन खर्च एकमेकांच्या आड येतात, हे मला पटत नाही. कमिशनचा खर्च सदस्य देश आपापल्या कबरींच्या प्रमाणात उचलतात आणि त्यात भारताचा वाटा सुमारे एक टक्का आहे. शिवाय दोन्ही कामांचा पाया एकच आहे, नोंद. आजच्या केंद्रीय सैनिक बोर्डाचा पूर्वज असलेला इंडियन सोल्जर्स बोर्ड १९१९ मध्ये स्थापन झाला तो परतलेल्यांच्या आणि मृतांच्या कुटुंबांसाठी. कोणत्या गावचा कोण माणूस गेला आणि त्याच्या घरी कोण उरले, हे ज्या व्यवस्थेला सांगता येत नाही तिला पेन्शनही नीट देता येत नाही.

म्हणून महाराष्ट्रापुरते काम कोणते, ते सांगतो. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगाव एका ठरावीक साच्याच्या शिळा बसवल्या: या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली. गाव आजही ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखले जाते. अशा शिळांवर बसऱ्यासारखीच संख्या आहे. पण आता कमिशनची नोंदवही संगणकावर शोधता येते, आणि भारतीय शिपायांच्या नोंदींत पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. उशिरा नावे कोरणे शक्य असते, याचा दाखलाही आहे. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ १९२१ मध्ये एक छत्री उभारली, मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाने आखलेली, ५३ हिंदू आणि शीख सैनिकांच्या दहनाच्या जागी. त्या ५३ जणांची नावे शेजारच्या दगडावर कोरली गेली ती २०१० मध्ये. पंजाबच्या बाबतीत लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या भरतीच्या नोंदवह्यांतली सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची माहिती आता संगणकावर आणली जात आहे आणि नातवंडे-पतवंडे त्यांत आपल्या घरचा माणूस शोधत आहेत.

आपल्याकडे अडचण येते ती वेगळीच. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने मराठी नावे कानाला ऐकू आली तशी रोमन लिपीत लिहिली. आडनाव कधी आहे, कधी नुसते नाव आणि वडिलांचे नाव. गावाचे स्पेलिंग असे की तीन तालुक्यांत तीन गावे जुळावीत, आणि जिल्ह्यांच्या सीमा तर मध्यंतरी बदलल्या. हा गुंता कमिशनच्या इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या कचेरीत सुटणार नाही. कुठल्या वाडीत कुठली भावकी, कुणाच्या देव्हाऱ्याशेजारी जुनी पदके ठेवलेली आहेत, कुणाच्या वंशावळीत ‘लामवर (लढाईवर) गेला’ एवढाच शेरा आहे, हे गावच्या शाळेतल्या शिक्षकांना, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांना आणि त्या घरांतल्या माणसांनाच जुळवता येईल. अपशिंग्यापासून सुरुवात करता येईल. यादी जुळली की जुन्या शिळेला हात न लावता तिच्या शेजारी देवनागरीतला दुसरा फलक बसवायचा आणि जुळलेली दुरुस्ती कमिशनला कळवायची, म्हणजे त्यांच्या नोंदवहीतही ते नाव नीट लिहिले जाईल.