सुईण आणि इस्पितळ

खेड्यांतील बाळंतपणाचा विषय निघाला कीं आपणां शहरांतील सुशिक्षितांत लगेच दोन तट पडतात. एकाच्या मतें सुईण म्हणजे मूर्तिमंत अज्ञान. दुसऱ्याच्या मतें ती जुन्या शहाणपणाची अखेरची वारस. तिच्याजवळ काय आहे आणि काय नाहीं, हें मात्र कोणी पाहत नाहीं.

प्रथम दोष पाहूं. विळ्यानें नाळ कापावी, बेंबीवर राख किंवा शेण लावावें, ही रीत पुष्कळ ठिकाणीं होती. धनुर्वाताचे जंतु मातींत व शेणांत असतात. ते बेंबीवाटे शिरले कीं बाळ थोड्याच दिवसांत दूध ओढीनासें होई आणि बहुधा दगावे. उपाय साधेच होते: धुतलेले हात, उकळलेलें पातें, कोरडी बेंबी आणि गरोदरपणीं आईला टोचलेली लस. त्यांच्या बळावर २०१५ सालीं नवजात बालकांच्या धनुर्वाताचें भारतांतून निर्मूलन झाल्याचें जाहीर झालें.

आतां गुण. सुईण बाईला उताणी निजवून ठेवीत नाहीं. चालूं देते, उकिडवी बसूं देते, पाठ चोळते, धीर देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ सालच्या शिफारशींतहि हेंच आहे: बाईला सोईची बैठक घेऊं द्यावी व तिच्या विश्वासाचें माणूस जवळ असावें.

परंतु वार पडल्यावर रक्त थांबेना, मूल आडवें आलें किंवा झटके सुरू झाले, तर मायेचा हात पुरत नाहीं. तेथें औषध, रक्त व शस्त्रक्रियाच हवी, आणि दवडलेली घटका प्राणावर बेतते.

दोहोंची सांगड घालतां येते, हें गडचिरोलीनें दाखविलें. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें ३९ गांवांत तेथल्याच शिकलेल्या बाया तयार केल्या. त्या सुइणीबरोबर बाळंतपणाला हजर राहत, गुदमरलेल्या बाळाला श्वास देत, जंतुसंसर्गावर इंजेक्शनहि देत. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें तेथील नवजात बालकांचें मृत्युप्रमाण, तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें, ६२ टक्क्यांनीं घटलें.

आज बहुतेक बाळंतपणें इस्पितळांत होतात, हें इष्टच आहे. मात्र अडलेल्या बाईला वेळेवर घेऊन आलेल्या सुइणीला दाराबाहेर बसवूं नये. शस्त्र डॉक्टरांच्या हातीं असावें. बाईचा हात तिच्या हातीं राहूं द्यावा.