शिवलेलं भाड्याने, नेसायचं विकत

भाड्याने द्यायची चोळी बाहेरून ओळखता येत नाही. उलटी केली की लगेच ओळखू येते. विकायच्या चोळीला कुशीच्या शिवणीत बोटभर कापड आत सोडतात, भाड्याच्या चोळीला दोन्हीकडे तीन-तीन बोटं. पाठीला हुक नसतात, भोकं पाडून दोरी ओवलेली असते, कारण हुकाला एकच माप कळतं आणि दोरी चौतीसलाही आवळते, अडतीसलाही. मग त्या आत सोडलेल्या कापडावर बघायचं. तिथे सुईच्या भोकांच्या बारीक रांगा असतात, शिवणीला समांतर, एकीपलीकडे एक. एकेक रांग म्हणजे एकेक नवरी. बेंगळुरूच्या शिवाजीनगरमधल्या एका दुकानात अल्टरेशनच्या मशीनवर बसणाऱ्या काकांनी मला हे दाखवलं. डाळिंबी रंगाच्या त्या चोळीवर मी पाच रांगा मोजल्या, पुढच्या एकमेकींत मिसळल्या होत्या.

“अजून दोन-तीन लग्नं निघतील हिची. मग कापड फाटतं, बाई,” काका म्हणाले.

काका भावसार. बेंगळुरूत भावसार आणि नामदेव शिंपी पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम, रंगकाम करत आलेत. घरात मराठी, दुकानात मालकाशी दख्खनी, गिऱ्हाइकाशी कन्नड नाहीतर तमिळ. मालक, कारागीर, शिंपी आणि गिऱ्हाईक चौघांच्या चार भाषा असण्याचं या भागात कुणाला नवल वाटत नाही. सेंट मेरी बॅसिलिकातली मरियमसुद्धा इथे साडीत असते आणि ८ सप्टेंबरच्या तिच्या सणाला सगळ्या धर्मांची माणसं रांगेत उभी राहतात. बॅसिलिकाजवळच रसेल मार्केट, तिथून चालत कमर्शियल स्ट्रीट, आणि कमर्शियल स्ट्रीटच्या मागच्या गल्ल्यांमध्ये लेस, टिकल्या, अस्तर, कॅनकॅन, जरदोजी. लग्नाचा कपडा कच्च्या मालापासून पुरा होईपर्यंत एवढ्याच टापूत फिरत असतो. विकत घेणारे खाली रस्त्यावरच्या काचेच्या दुकानांत जातात. भाड्याची दुकानं बहुधा वर, अरुंद जिन्याने चढून.

आम्ही गेलो होतो भाचीच्या रिसेप्शनचा घागरा बघायला. मी, भाची आणि ताई. ताईचं मत आधीच ठरलेलं होतं: “माझी मुलगी दुसऱ्याचं उतरलेलं घालणार नाही.” भाचीचंही ठरलेलं: तीन तासांसाठी चाळीस हजार घालायचे नाहीत. मला दोघींच्या मधे बसवलेलं.

खरं तर भाड्याने घ्यावं की विकत, हा प्रश्न या गावाला जुनाच. शहाजीराजांच्या जहागिरीतलं हे बेंगळुरू पुढे व्यंकोजीराजांकडे आलं. त्यांनी तीन लाख रुपयांना ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना विकायला काढलं. सौदा चालू असतानाच १६८७ मध्ये मोगलांच्या कासिमखानाने गाव घेतलं आणि त्याच रकमेला वोडेयरांच्या हवाली केलं. ते विकलं की नुसतं खंडाने दिलं, याबद्दल इतिहासकारांची अजून दोन मतं आहेत. आमच्या घरात एका घागऱ्यावरून आठवडाभर वाद झाला, हे त्यामानाने काहीच नाही.

घागरा अंगावर चढवायलाच वेळ लागतो. आधी कॅनकॅन, म्हणजे जाळीचा कडक परकर, मग घागरा, मग चोळी, मग ओढणी पिनांनी. अस्सल काम केलेल्या घागऱ्याचं सगळं वजन कमरेच्या नाडीवर येतं. आरशासमोर उभं राहून सगळ्याच छान दिसतात, त्यामुळे आरशावर जाऊ नये. काका भाचीला म्हणाले, “पोरी, आता वाकून नमस्कार करून दाखव.” ती वाकली आणि चोळी पाठीत वर चढली. “आता बस. आता दोन्ही हात वर कर.” हार घालायला हात वर करावे लागतात, रिसेप्शनला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या पाया पडावं लागतं, मग जेवायला बसावं लागतं. हे तिन्ही करता आलं तरच माप घ्यायचं, असा त्यांचा शिरस्ता. शिवाय त्या दिवशी घालायच्या सँडल आणायला सांगतात. टाचेचा हिशेब चुकला की घेर जमिनीवर लोळतो, आणि भाड्याच्या घागऱ्याची सगळ्यात आधी वाट लागते ती त्याच कडेची. ती कड बघितली की मागच्या नवऱ्या कशा चालल्या ते कळतं. चांगल्या दुकानात कडेला आतून वेगळी पट्टी लावलेली असते, मळली की उसवून नवी घालतात.

मग चिठ्ठी. भाडं आठ हजार, अनामत दहा हजार, तीन दिवस. एक दिवस आधी न्यायचं, एक दिवस नंतर आणायचं. फिटिंगचे पैसे भाड्यात धरलेले. खाली बारीक अक्षरात: हळद, मेंदी, लिपस्टिक यांचे डाग पडल्यास अनामत परत नाही. हळदीचं नाव पहिलं आहे ते उगाच नाही. हळद साबणाला लागली की लाल होते, आणि घरी कुणीतरी सद्‌बुद्धीने तो डाग साबणाने चोळतंच. डाग पडलाच तर हात न लावता तसाच आणून द्या, असं मालक प्रत्येकीला बजावतात. हळद उन्हात फिकी पडते, पण जरीचं काम केलेला रेशमी कपडा उन्हात घालायची कुणाची छाती होत नाही. अत्तर आणि स्प्रेसुद्धा थेट कपड्यावर मारायचा नाही, तार काळी पडते.

पैसे देण्याआधी मी एकच प्रश्न विचारला, आणि तो विचारायला मला काकांनीच खुणेने सुचवलं होतं: आमच्या आधी हा घागरा कुठे जाणार आहे? मालकांनी वही उघडली. आमच्या रिसेप्शनच्या चार दिवस आधी तो एका वलीम्याला, म्हणजे निकाहनंतरच्या मेजवानीला, जाणार होता. म्हणजे तिथून परत, ड्रायक्लीन, तुटलेल्या टिकल्या लावणं, आमच्या मापाची शिवण, आणि मग आम्ही. मधे दोनच दिवस. पहिल्या घरी उशीर झाला किंवा कुणी ओढणीवर बिर्याणी सांडली, तर आमच्या हातात काय येणार? मालकांनी दुसरा, त्याच रंगाचा घागरा दाखवला, ज्याच्यासमोर वहीत दहा दिवस कोरे होते. तोच आम्ही ठरवला. भाड्याच्या धंद्यात रंग, काम, भाव हे सगळं नंतर. त्याआधी बघायची ती वही.

ही वही वाचायला मला मजा आली. एरवी लग्नसराईचा धंदा वर्षातून काही महिने झोपतो. आषाढात हिंदूंची लग्नं नाहीत. अधिक महिन्यात नाहीत, आणि २०२६ साली तर ज्येष्ठच अधिक, म्हणजे मे महिन्याचा उत्तरार्ध कोरा. मुसलमानांची लग्नं मुहर्रम आणि रमजानात सहसा होत नाहीत. ख्रिस्ती लोक इस्टरच्या आधीच्या उपवासाच्या काळात लग्न टाळतात. शिवाजीनगरच्या दुकानात ही तिन्ही पंचांगं एकाच वहीत येतात. एका समाजाचा बंद महिना दुसऱ्याचा सुगीचा, शिवाय हिजरी वर्ष दरसाल अकराएक दिवस मागे सरकतं, त्यामुळे दरवर्षीचा हिशेब नवा. ज्या गिऱ्हाइकाला लग्नाची घाई नाही त्याने तिन्ही समाजांची लग्नं कमी असतील तेव्हा बुकिंग करायला जावं. मालक निवांत असतात आणि घासाघीस करू देतात.

मालक स्वतः मात्र विकत घेण्याच्या विरोधात नाहीत, खाली रस्त्यावर त्यांच्या भावाचं विक्रीचं दुकान आहे. त्यांचं म्हणणं असं, की निकाहचा जोडा नवऱ्याकडून येतो आणि तो नवाच लागतो. भाड्याने नेतात ते वलीम्याला, नाहीतर करवल्यांसाठी. ताईला हे फार पटलं. “बघ, त्यांच्यातसुद्धा नवंच.” मी म्हटलं, आपल्यातही नवंच. मामाची अष्टपुत्री नवी, सासरचा शालू नवा. पण रिसेप्शनचा घागरा कुठल्या विधीत बसतो? आपल्याकडे नवरदेवाची शेरवानी भाड्याने आणतात, फेटे बांधायला माणूस येतो आणि संध्याकाळी फेटे गोळा करून घेऊन जातो. शिवलेली नऊवारी पुण्या-मुंबईत सर्रास भाड्याने मिळते. गॅदरिंगला ड्रेपरीवाल्याकडचा शिवाजी झालेली मुलं तर घरोघरी आहेत. उतरलेल्या कपड्याची अडचण फक्त नवरीपाशी येऊन थांबते.

ताईचा दुसरा मुद्दा जास्त वजनाचा होता: विकत घेतलं तर पुढे मुलीला होईल. याचा मी नीट विचार केला, कारण आमच्याच घरात याचा पुरावा आहे. आईचा शालू ताई नेसली, मी नेसले, साखरपुड्याला भाची नेसली. तिघींची उंची वेगळी, अंगाचा बांधा वेगळा. बदलला फक्त ब्लाउज. साडीला माप नसतं, म्हणून ती टिकते. घागरा एका अंगावर कापलेला असतो. वीस वर्षांनी तो कुणाला होईल ही आशा त्या आत सोडलेल्या कापडावर अवलंबून, आणि विकायच्या चोळीत ते बोटभरच असतं. वर जरीचं काम. हल्लीच्या बहुतेक घागऱ्यांवरची तार चांदीची नसते, तिला मोड नाही. उलट म्हैसूरच्या सरकारी कारखान्याची, के.एस.आय.सी.ची साडी घेतली तर तिच्या जरीत ६५ टक्के चांदी आणि ०.६५ टक्के सोनं असतं, प्रत्येक साडीवर तिचा स्वतःचा क्रमांक असतो. जुन्या रेशमी साड्या जरीसाठी विकत घेणारे लोक याच शहरात आहेत. जुना घागरा घेऊन त्यांच्याकडे गेलात तर ते हात जोडतील.

करातही हाच भेद आहे, हे मला बिलं चाळताना लक्षात आलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांवरच्या तयार कपड्यावर १८ टक्के जी.एस.टी. आहे. साडी न शिवलेलं कापड धरली जाते, तिच्यावर ५ टक्के. चाळीस हजारांच्या तयार घागऱ्यावर सात हजार दोनशे रुपये कर होतो, म्हणजे जवळजवळ आमच्या भाड्याइतका.

तरीही काही जणींनी विकत घ्यावा. भाड्याच्या दुकानात मापांची मर्यादा असते. फार बारीक, फार उंच किंवा जाड मुलीला तिथे दहा घागऱ्यांतले दोनच दाखवतात, आणि मदतनीस मुली ज्या नजरेने आपसात बघतात ती नवरीने लग्नाच्या तोंडावर का सोसावी? तिने कापड घ्यावं, मागच्या गल्लीतल्या कारागिराकडे जावं आणि अड्ड्यावर काम भरून घ्यावं. तयारपेक्षा स्वस्तही पडतं, फक्त वेळ हाताशी हवा. अड्डा म्हणजे लाकडी चौकट, तिच्यावर कापड ढोलासारखं ताणलेलं. नक्षीची भोकं पाडलेल्या कागदावरून, म्हणजे खाक्यावरून, खडूचं मिश्रण पुसतात, नक्षी कापडावर उतरते, मग चौकटीच्या बाजूंना माणसं बसतात आणि आरीने, म्हणजे आकडेदार सुईने, दबका, टिकी, मोती भरत जातात. आम्ही डोकावलो तिथे तीन जण एका घेरावर वाकलेले होते. एका पाकळीला किती वेळ लागतो ते उभं राहून पाहिलं, की तयार घागरा एवढा महाग का, हे विचारावंसं वाटत नाही. आणि एवढं काम एका संध्याकाळपुरतं अंगावर घालून कपाटात कोंबावं, हे तर अजिबात पटत नाही. भाड्याच्या घागऱ्यावरची पाकळी निदान दहा जणी मिरवतात.

आमच्या बाबतीत निकाल लावला तो कन्नड रिवाजाने. भाचीचं सासर तुमकूरचं. तिकडे रिसेप्शन आदल्या संध्याकाळी, मुहूर्त दुसऱ्या सकाळी. घागरा आधी, साडी नंतर. म्हणजे ज्या कपड्यावर ताई चाळीस हजार घालायला निघाली होती, त्यावर अक्षता पडणारच नव्हत्या. हे कळल्यावर ताईचा विरोध मावळला. मुहूर्ताला धारेची, म्हणजे कन्यादानाच्या विधीची, पांढरी, लाल काठाची साडी सासरकडून आली. घागऱ्यातून वाचलेल्या पैशांत ताईने एम.जी. रोडवर जाऊन लेकीला म्हैसूर सिल्क घेतलं, मोरपिशी.

घागरा मुहूर्ताच्याच सकाळी, बाकी सगळे मांडवात असताना, मामेभाऊ गाडीत घालून शिवाजीनगरला देऊन आला. कडेची पट्टी बदलण्याचे तीनशे कापून अनामत परत मिळाली.

तुमच्या घरी असं लग्न निघालं असेल तर दुकानात गेल्यावर आधी चोळी उलटी करा आणि आत सोडलेलं कापड बघा. मग वही मागा, आधीचं बुकिंग किती दिवसांवर आहे ते वाचा, चार दिवसांवर किंवा त्याच्याही आत असेल तर दुसरा घागरा बघा. नेताना खिडकीपाशी उजेडात घेराचे, ओढणीचे फोटो काढा, मालकांना दाखवून. आणि वाचलेले पैसे हॉलच्या सजावटीत जिरायच्या आत साडीचं दुकान गाठा.