हा नळ पाणी सोडत नाही, धुतो!

बाथरूममधला नळ विसरा. आज एन्ट्री घेतोय दलदलीतला नळ! शास्त्रज्ञांच्या दप्तरी नाव फ्रॅगमायटीस ऑस्ट्रालिस. उंची दोन पुरुष तर सहज, काड्या पोकळ, डोक्यावर जांभळट-करडा तुरा. आणि एवढा सगळा थाट असूनही हे चक्क गवत! अंटार्क्टिका सोडला तर एकही खंड याने सोडलेला नाही.

माहीत आहे का, याला स्वतःची एअर लाइन आहे? विमानांची नव्हे हो, हवेची! दलदलीच्या चिखलात ऑक्सिजनचा ठणठणाट. मग मुळं जगतात कशी? ऊन चढलं की हिरव्या ताटांच्या आतली हवा दमट होते, बाहेरची कोरडी हवा बारीक छिद्रांतून आत घुसते, आतला दाब वाढतो. ही हवा ताटातून खाली, चिखलातल्या आडव्या खोडात शिरते आणि गेल्या वर्षीच्या वाळक्या, मोडक्या काड्यांतून बाहेर पडते. म्हणजे मेलेल्या काड्यासुद्धा ड्युटीवर! वाऱ्याचा झोत या तुटक्या तोंडांवरून गेला की आतली हवा आणखी ओढली जाते. जाता जाता चिखलातला मिथेनही याच धुराड्यातून सटकतो, हे मात्र हवामानाच्या खात्यात जरा महागात पडतं.

आणि याचा वीक पॉइंट? तोच! काड्या पाण्याच्या पातळीखाली कापा, वर पाणी राहू द्या. श्वास बंद, खेळ खलास.

आता खरी कमाई. मुळांतून थोडा ऑक्सिजन चिखलात झिरपतो. तिथे जिवाणूंची वस्ती जमते. मुळांलगतची मंडळी सांडपाण्यातल्या अमोनियाचं नायट्रेट करतात, पलीकडे ऑक्सिजन नसलेल्या चिखलातली दुसरी गँग त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देते. धुणी-भांडी जिवाणूंची, नाव नळाचं! जर्मनीत केटे झायडेल या संशोधिकेने १९५०च्या दशकात पाणवनस्पतींकडून घाण पाणी साफ करून घ्यायचे प्रयोग सुरू केले. आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेचं ‘फायटोरिड’ तंत्रज्ञानही याच घराण्यातलं.

पण रेकॉर्डची बात करायची तर चला ओमानला! निम्रच्या वाळवंटात तेलविहिरींतून तेलाबरोबर ढीगभर पाणीही वर येतं. आधी वरचं तेल काढून घेतात, उरलेलं तेलकट पाणी शेकडो हेक्टरच्या नळबनात सोडतात. रोज १० कोटी लिटरहून जास्त! पाणी उताराने आपोआप वाहतं, त्यामुळे एरवी ते खोल जमिनीत दाबून भरायला लागणारी वीज वाचते. वर बोनस म्हणजे भर वाळवंटात स्थलांतरित पक्ष्यांना फुकट लॉजिंग-बोर्डिंग.

माहीत आहे का, एकही खिळा न ठोकता दिवाणखाना बांधता येतो? दक्षिण इराकच्या दलदलीतले अरब नळाच्या जाडजूड मोळ्या बांधून, त्या कमानीसारख्या वाकवून ‘मुधीफ’ उभारतात. आत पाहुण्यांना कॉफी, वादांचा निवाडा, सगळं. अशाच घरांची चित्रं ५,००० वर्षांपूर्वीच्या सुमेरी दगडांवर कोरलेली आहेत. इतकं टिकाऊ डिझाइन आमच्या बिल्डरांना दाखवाच! १९९०च्या दशकात सद्दाम हुसेनच्या राजवटीने ही दलदल जवळपास सुकवून टाकली. २००३ नंतर लोकांनी बांध फोडले, पाणी आलं, पाठोपाठ नळही आला. २०१६ साली युनेस्कोचा जागतिक वारशाचा शिक्का बसला.

रोमानियात डॅन्यूबच्या त्रिभुज प्रदेशात तर नळाची बेटं तरंगतात! मुळांचं जाळं तळापासून सुटतं आणि वर उचललं जातं. त्यावर पेलिकन घरटी थाटतात. वॉटरफ्रंट प्रॉपर्टी, तीही फिरती.

शांतता... आता आवाज ऐका. बिटर्न हा बगळ्याचा भाऊबंद नळबनात लपून असा घुमतो की पाच किलोमीटरवर ऐकू जावं. पठ्ठ्या दिसत मात्र नाही. चोच आभाळाकडे, अंगावर काड्यांसारख्या रेघा, वारा आला की नळासोबत हाही डुलतो. ब्रिटनमध्ये नळबनं आटली आणि १९९७ साली घुमणारे नर उरले फक्त ११! मग नळबनं पुन्हा नीट केली, तेव्हा कुठे आवाज वाढला.

आणि हो, पूर्वी आपल्याकडचे कारकून ज्या बोरूने खर्डेघाशी करत, तोही अशाच पोकळ काडीचा. आम्ही बोरूबहाद्दर उगाच नाही याचे फॅन!

पण सगळीकडे हा हिरो नाही. अमेरिकेत याचा स्थानिक भाऊ आहे, पण परदेशातून आलेल्या वाणाने किनारेच्या किनारे गिळले. दोघे दिसायला इतके सारखे की घुसखोर नक्की कोण, हे २००२ साली डीएनए तपासून पक्कं झालं. मग न्यूयॉर्कने काय केलं, माहीत आहे का? स्टेटन आयलंडवर कचराडेपोचं पार्क होतंय, तिथे नळ खायला चक्क शेळ्या सोडल्या. पगारात चारा, चाऱ्यातच काम!