दहावीचं काय?

मुलीला घरीच शिकवतोय म्हटलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न दहावीचा. त्याचं उत्तर सोपं आहे: एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत, एका भाषेसह किमान ५ विषय. मराठी माध्यमही मिळतं. नोंदणी ५ वर्षं चालते, तेवढ्यात एकेक विषय सवडीनं उरकायचा. ही सवड मला गुणांपेक्षा मोलाची वाटते.

कस लागतो तो रोजच्या दिवसात. अपूर्णांक आम्ही पोळ्यांवर केले, टक्केवारी वीजबिलावर. युनिटं वाढली की पुढच्या टप्प्याचा दर चढतो, हे तिनंच महावितरणच्या बिलात हुडकलं आणि तेव्हापासून गिझरवर पाळत ठेवली. (आंघोळी भराभर उरकतात.) इतिहास मात्र आजोबांकडे, ते सांगतात तिखटमीठ लावून, मग ती पुस्तक काढून त्यांना धारेवर धरते.